बाद गाडी, लेखी जबाब

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
१३ सप्टेंबर २०२५

चि. अतुल यास,
जय भीम.

मी मैत्रीचा बाप, देवानंद खोब्रागडे. आपली अजून गाठ पडलेली नाही आणि परवापर्यंत माझी तुझ्याविषयी काही तक्रारही नव्हती. मुलगा पिंपरीचा, रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये, दोघं वर्षभर ओळखतात, लग्न करायचं म्हणतात, एवढं मैत्रीनं सांगितलं. फोटो बघून तिची आई अंजना लगेच म्हणाली, "छान आहे की पोरगा." मी म्हटलं, थांब. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आपण मैत्रीकडे रेडमंडला जातोच आहोत. डोळ्यांनी बघू, मग होकार.

आणि परवा फोनवर मैत्री बोलता बोलता म्हणाली, "सॅल्व्हेज टायटलची एक गाडी घेतलीय, घरीच रिपेअर चाललंय." मी ओरडलो, "कुणी घेतली?" आधी म्हणाली, "कुणी म्हणजे?" मग म्हणाली, "अतुलने."

काहून रे बाप्पा? रेडमंडमध्ये चांगल्या गाड्या संपल्या?

मी काय काम करतो ते तुला माहीत नसेल म्हणून सांगतो. पंचवीस वर्षं झाली, मी इन्शुरन्सवाल्यांसाठी अपघाताच्या गाड्या तपासतो. ठोकलेली गाडी समोर आणतात, मी तिच्याभोवती फिरतो, खाली वाकतो, आणि सांगतो, दुरुस्तीत अर्थ आहे की टोटल. टोटल म्हणजे बाद. बाद झाली की तिच्या कागदावर 'सॅल्व्हेज' लागतं, मग ती लिलावात जाते, आणि तुझ्यासारखे हुशार लोक स्वस्तात मिळाली म्हणून नाचत घरी आणतात. म्हणजे मी जिची तिरडी बांधली, तिला तू चहा पाजून उठवायला निघालास.

फोनवर मी काही विचारणार नाही. फोनवर सगळेच गोड बोलतात. आमच्या धंद्यात जबाब लेखी घेतात, तसा दे. गाडी कशाला ठोकली, काय काय मोडलं, एअरबॅग उघडली होती का, आणि तुला पाना कोणत्या बाजूने धरतात ते माहीत आहे का. फोटो पाठव. एक स्वच्छ सांगतो, जो माणूस असली गाडी घेतो त्याच्या हाती मुलगी द्यायची की नाही, हे मी त्या गाडीवरून ठरवणार.

हे पत्र मैत्रीला दाखवायचं नाही.

देवानंद


रेडमंड, वॉशिंग्टन
१६ सप्टेंबर

आदरणीय देवानंदकाका,
सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. मैत्रीला अजिबात दाखवलेलं नाही.

गाडी दहा वर्षं जुनी जपानी सिडान आहे, राखाडी. आधीच्या मालकाच्या हातून हरणाला धडकली. बॉनेट दुमडलंय, डावा हेडलाइट गेलाय, रेडिएटर फुटलाय आणि समोरची एक काळी लांबट वस्तू तुटली आहे. एअरबॅग उघडली नव्हती, देवाशप्पथ. म्हणजे शप्पथ. इंजिन सुरू होतं आणि आवाज चांगला येतो. निदान मला चांगला वाटतो.

इथे सप्टेंबर संपला की पाऊस बसतो तो मार्चपर्यंत हलत नाही. बस बदलून ऑफिसला जायचं म्हणजे पोचेपर्यंत मोजे पिळायची वेळ येते, म्हणून गाडी हवीच होती. नवी घेता आली असती काका, खोटं बोलत नाही. पण मोडलेली वस्तू आपल्या हाताने उभी केली की ती आपली होते, असं मला सांगण्यात आलं. म्हणजे मला वाटतं.

पान्याबद्दल विचारलंत. पाना मी व्यवस्थित धरतो. कुणी मागितला की लगेच देतो.

फोटो जोडले आहेत. काकूंना जय भीम सांगा.

आपला नम्र,
अतुल गजभिये


श्रूजबरी
२० सप्टेंबर

चि. अतुल,
जय भीम.

फोटो बघितले. ऑफिसमधल्या मोठ्या स्क्रीनवर लावून बघितले.

पहिली गोष्ट. 'काळी लांबट वस्तू' असा कुठलाही भाग जगातल्या कुठल्याही गाडीत नसतो. रेडिएटर ज्या चौकटीत बसतो ती चौकट तुटली आहे. तुला नाव माहीत नाही आणि तू ती काढून फेकलीस! अबे, डॉक्टर म्हणाला की पोटातली एक गुलाबी वस्तू काढली, तर तू झोपशील का त्याच्या टेबलावर?

दुसरी गोष्ट. तू अपार्टमेंटमध्ये राहतोस, तुला गॅरेज नाही. फोटोत मागे भिंतीला मैत्रीची निळी सायकल टांगलेली आहे. म्हणजे हा पसारा माझ्या पोरीच्या भाड्याच्या घरात मांडलास. ती भोळी आहे, नाही म्हणता येत नाही तिला. तिला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही. टायरमधली हवा कमी झाली तरी मला फोन करायची.

आता ऐक. चौकट तुटली म्हणजे धक्का आत किती गेला ते बघावं लागेल. सुतळी घे. पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत ताण, मग उजवीकडून डावीकडे ताण. दोन्ही कर्ण सारखे भरले तर हाडं सरळ आहेत. फरक पडला तर गाडीला नमस्कार कर आणि भंगारात दे. पुढच्या दोन्ही सीटचे बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढ, चिखलाचा डाग दिसतो का बघ. पुरात बुडालेल्या गाड्या लोक हरणाच्या नावावर खपवतात. आणि चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा पेटून विझतो का ते सांग. पेटलाच नाही तर कुणीतरी बल्ब काढून ठेवलाय.

हे सगळं स्वतः कर. पोरीला हात काळे करायला लावू नको.

देवानंद

ता. क. मी अंजना. अतुल, जेवण वेळेवर करत जा. यांच्या पत्राचं मनावर घेऊ नको, हे रविवारी वंदनेला जाताना पार्किंगमधल्या गाड्यासुद्धा टोटल करत चालतात.


रेडमंड
२७ सप्टेंबर

आदरणीय काका,
सप्रेम जय भीम.

तुम्ही सांगितलेल्या तिन्ही तपासण्या झाल्या.

कर्ण दोनदा मोजले, सस्पेन्शनच्या बोल्टपासून, कारण बंपरचे कोपरे दबलेले असल्याने तिथून माप खोटं आलं असतं. दोन्ही सारखे भरले. सांगाड्याचे रेल सरळ आहेत, वेल्डिंग कुठे उकललेलं नाही, रंगाला भेग नाही. बेल्ट शेवटपर्यंत कोरडे आणि स्वच्छ. कार्पेट उचलून सीटचे बोल्टही बघितले, गंज नाही. एअरबॅगचा दिवा पेटतो आणि विझतो, तरी कॉम्प्युटर लावून बिघाडाचे कोड वाचले. जुना एकही कोड साठलेला नाही. चौकट दुसरी मागवली आहे, ती बोल्टने बसते, वेल्डिंगची गरज नाही. जाळीत हरणाचे केसही मिळाले, पिशवीत ठेवले आहेत.

नवा रेडिएटर बसवताना खालचे रबरी बुश जुनेच ठेवावेत की बदलावेत? इथे दोन मतं आहेत.

बाकी सगळं ठीक. मी वेळेवर जेवतो असं काकूंना सांगा. काल पिठलं केलं होतं, जरा करपलं.

आपला,
अतुल


श्रूजबरी
१५ ऑक्टोबर

प्रिय अतुल,
जय भीम.

उत्तराला उशीर झाला. काल धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम होता, खुर्च्या लावण्यापासून डाळ वाढण्यापर्यंत सगळं आमच्याच गळ्यात.

तुझं पत्र मी खिशात घेऊन फिरलो. खरंच सांगतो, कार्यक्रमात दोघा-तिघांना वाचूनही दाखवलं. बंपरवरून नाही, सस्पेन्शनच्या बोल्टपासून मोजलं! मी हे सांगितलंच नव्हतं. मुद्दाम नाही सांगितलं. आमच्याकडे नवीन लागलेली पोरं हमखास तिथेच चुकतात, आणि तू चुकला नाहीस. पहिल्या पत्रातला 'काळी लांबट वस्तू'वाला माणूस आणि हा माणूस एकच, हे पटत नव्हतं. मग म्हटलं, पोरगं घाबरलं असेल पहिल्यांदा. माझा धाकच तसा आहे.

बुश बदल. दोन मतं कसली आलीत, ज्यानं बदला म्हटलं त्याचं खरं.

आता मुद्द्याचं. थँक्सगिव्हिंगपर्यंत थांबायची गरज नाही. ज्याला आधी मोजायचं आणि मग तोडायचं एवढं कळतं, त्याच्याविषयी माझी काही हरकत नाही. लग्नाला माझा होकार. उन्हाळ्यात इकडेच मंगल परिणय करू, तुझ्या आईवडिलांशी मी बोलतो. अंजनाला सांगितलं तर ती हसली आणि म्हणाली, "कुणाला होकार दिलात तुम्ही?" आता हा काय प्रश्न झाला? वयानुसार होतं तिचं असं.

एकच विनंती. मैत्रीला गाडीपासून लांब ठेव. तिचा तो प्रांत नाही. दर शनिवारी योगाला जाते म्हणते, तेच बरं आहे.

तुझा,
देवानंदकाका


रेडमंड
२ नोव्हेंबर

आदरणीय काका,

जय भीम लिहितानाही आज लाज वाटतेय. हे पत्र मैत्रीला न दाखवता लिहितोय. आधीची सगळी तिच्याशेजारी बसून लिहिली होती.

गाडी माझी नाही. मैत्रीची आहे. लिलावात तिनेच घेतली, आणि दुरुस्तही तीच करतेय. सुतळी तिने ताणली, मी एक टोक धरून उभा होतो. सत्तावीस सप्टेंबरचं पत्र तिने बोलून दाखवलं, मी टाइप केलं. त्यात माझं फक्त पिठलं होतं. शनिवारी ती योगाला जात नाही काका, कम्युनिटी कॉलेजात मोटार दुरुस्तीच्या वर्गाला जाते. दुसरं वर्ष आहे. वर्गात तिला सगळे मान देतात, आणि मी बाहेर बसून सँडविच खातो.

फोनवर तुम्ही ओरडलात तेव्हा तिच्या तोंडून माझं नाव निघून गेलं. नंतर म्हणाली, "दोन-तीन पत्रं सांभाळून घे, मग मी सांगते." मी तयार झालो. तुम्ही तेव्हा माझ्यावर चिडलाच होता, अजून थोडं चिडलात तर काय बिघडतं, असा विचार केला. पण तुम्ही चिडला नाहीत, तुम्ही होकार दिलात! तुमचं पत्र तिने वाचलं. "तिचा तो प्रांत नाही" हे वाक्य दोनदा वाचलं. मग म्हणाली, "सो यू गॉट अ येस फॉर माय वर्क." आणि हातमोजे काढून आत गेली. त्या दिवसापासून आम्ही फक्त दूध संपलंय का, एवढंच बोलतोय.

मला वाटलं, निदान एक तरी दुरुस्ती मी स्वतः करावी, म्हणजे तुमचा होकार थोडा तरी खरा ठरेल. नवा रेडिएटर बसला होता, पण खालून थेंब गळत होते. मैत्री म्हणाली होती, "पाइपची क्लिप सैल आहे, नवी मागवलीय, तोवर इंजिन सुरू करू नकोस." आणि मला आठवले आमचे पोपटमामा. ते जुन्नरला जीप चालवायचे. घाटात रेडिएटर गळायला लागला की सीटखालचा हळदीचा डबा काढायचे, मूठभर हळद आत, आणि गळती बंद! मी हे डोळ्यांनी बघितलंय. म्हणून परवा ती ऑफिसला गेल्यावर मी आख्खं पाकीट ओतलं आणि हळद आत सगळीकडे पोचावी म्हणून इंजिन सुरू केलं.

गळती बंद झाली नाही. पाइपच निघाला.

काका, गॅरेजची भिंत पिवळी, छत पिवळं, निळी सायकल हिरवी दिसतेय. भाजलं नाही, मी लांब होतो, पण डोक्यापासून बुटापर्यंत माखलो. शेजारच्या बाई कुत्रा घेऊन चालल्या होत्या, त्यांनी विचारलं, मी ठीक आहे का. मी म्हटलं, "इट्स कल्चरल." मैत्री आली, दारातच उभी राहिली. ती हसली नाही. ती हसली असती तर मी हे पत्र लिहिलं नसतं.

पुढच्या आठवड्यात राज्याच्या पोलिसांकडे गाडीची तपासणी आहे. ती झाल्याशिवाय कागद बदलणार नाही आणि गाडी रस्त्यावर येणार नाही. हळद कशी काढायची ते कृपा करून सांगा. होकार मागे घ्यायचा असेल तर घ्या. मला लग्न मैत्रीशी करायचं आहे, आणि ती अशी गप्प राहिली तर तुमच्या होकाराचं मी काय करू?

आपला,
अतुल


श्रूजबरी
४ नोव्हेंबर

अतुल,
जय भीम.

आधी हळद.

इंजिन अजिबात सुरू करू नकोस. थंड गाडीत खालची तोटी उघडून सगळं पातेल्यात काढ. गटारात ओतू नको, रेडिएटरचं कूलंट विषारी असतं, शेजारच्या बाईचा कुत्रा मरेल. थर्मोस्टॅट काढून ठेव. नवी क्लिप लावा, साधं पाणी भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवा, थंड होऊ द्या, काढा, परत भरा. पाणी नितळ येईपर्यंत हेच. हीटरच्या नळ्या केसासारख्या बारीक असतात, तिथे हळद बसली तर हिवाळाभर काच पुसत बसाल. तुझ्या मामाच्या जीपला हीटर नव्हता रे बाबा, म्हणून त्यांची हळद चालली. आणि लग्नाआधी हळद लावतात हे मलाही मान्य आहे, पण नवरदेवाला. रेडिएटरला नाही.

हे सगळं मैत्रीला माहीत असणार. तरी लिहिलं. मला राहवत नाही.

आता बाकीचं. पंचवीस वर्षांत मला किती लोकांनी खोटे जबाब दिले, आणि मी एकूण एक पकडले. हरणाच्या नावाखाली बायकोने खांबाला ठोकलेली गाडी मी पाच मिनिटांत ओळखतो. आणि तुमचं मला कळलं नाही. तुझं पत्र वाचून अंजनाला हाक मारली, तर ती भाजी निवडत म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे." मी म्हटलं, मग मला काहून नाही सांगितलं? म्हणाली, "विचारलं कुठे तुम्ही? तुम्ही सांगत होता." मी चिडून बाहेर गेलो, अंगणातली पानं गोळा केली, झालेली पानं परत गोळा केली. मग आत येऊन मैत्रीला फोन लावला.

तिनं उचलला. मी विचारलं, गाडी तुझी, काम तुझं, मग माझ्यापासून लपवलंस काहून? मी तर तुला मदतच केली असती. ती म्हणाली, "नो बाबा, यू वुड हॅव टोटल्ड इट."

मी लगेच फोन ठेवला. फार लागलं रे मला ते. तुला सांगतो आहे, कारण तुझ्याशिवाय हे कुणाला सांगणार, सगळे तिच्याच पक्षात आहेत.

होकाराचं म्हणशील तर तो मी मागे घेतो. दचकू नको. तो होकार मी गाडी दुरुस्त करणाऱ्याला दिला होता. तो माणूस तू नाहीस, आणि जी आहे तिला लग्नाला माझा होकार लागत नाही, हे मला आता समजलंय. तिनं तुला निवडलंय. ज्याला ती इंजिन सुरू करू नको म्हणते आणि तरी जो करतो, असा माणूस तिनं का निवडला हे मला कळत नाही. पण हरभऱ्याच्या झाडावर चढवलेला माणूस आपण होऊन खाली उतरतो, खरं सांगतो, हे मी माझ्या धंद्यात फार कमी बघितलं. मला तू आवडलास. हा होकार नाही, नुसतं सांगतोय.

थँक्सगिव्हिंगला आम्ही येतो असं मी तिला सप्टेंबरात कळवलं होतं. कळवलं होतं, विचारलं नव्हतं. आता तू तिला विचार, मी आलेलं तिला चालेल का. नाही म्हणाली तर अंजना एकटी येईल. मी फोन केला तर माझ्या तोंडून परत भलतंच काही निघेल, म्हणून तुला लिहितोय.

देवानंदकाका


रेडमंड
१३ नोव्हेंबर

डिअर बाबा,
जय भीम.

मी हे मराठीत लिहितेय. अतुल टाइप करतोय, पण या वेळी शब्द सगळे माझे आहेत. त्याने एक शब्द बदलला होता, तो मी परत पहिल्यासारखा केला.

तुमचं पत्र अतुलने मला दाखवलं. तुम्ही नको म्हणाला नव्हता.

पाणी सात-आठ वेळा बदललं तेव्हा नितळ आलं. हीटर चालतो, पण पहिली पाच मिनिटं गाडीत फोडणीचा वास येतो. गॅरेजची भिंत रंगवावी लागेल, ती अतुल रंगवेल, त्याला दुसरं काही करायची परमिशन नाही. पण मी त्याच्याशी बोलते आता. तो दोन दिवस पिवळा होता बाबा, ऑफिसमध्ये लोकांनी त्याला लिव्हरचा डॉक्टर सुचवला. मग मला हसू आलं आणि सगळं संपलं.

काल गाडी टो ट्रकने ओढून इन्स्पेक्शनला नेली. ऑफिसरने नंबर तपासले, बॉनेट उघडलं, खाली वाकून बघितलं. मग त्याने अतुलला विचारलं, "तू केलंस हे?" अतुल म्हणाला, "नो सर, शी डिड. आय ओन्ली डिड द यलो." पास झाली. कागदावरचं सॅल्व्हेज जाऊन आता रीबिल्ट लागेल, म्हणजे रस्त्यावर चालवता येईल.

फोनवर मी जे बोलले ते खरं होतं, पण तुम्ही फोन ठेवून दिलात तेव्हा मलाही रडू आलं. मला वाटलं होतं तुम्ही ओरडाल. ओरडला असता तर मी पण ओरडले असते. तुम्ही ओरडलाच नाहीत, आणि मला कळेना काय करू. मला तुमची खूप आठवण येते काम करताना. प्रत्येक बोल्टला वाटतं की बाबांना विचारावं.

तुम्ही विचारलंत, येऊ का. या. दोघंही या. एअरपोर्टला मी याच गाडीतून येते. आई पुढे बसेल, तुम्ही अतुलबरोबर मागे बसा. आणि बाबा, गाडीबद्दल काही विचारायचं असलं, तर अतुलला विचारू नका. मला विचारा.

मैत्री